पुण्यातल्या विज्ञान व्याख्यानांना आणि प्रयोगशाळांना पहिल्यांदा जाताना

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला शनिवार-रविवारी मुलांना कुठे न्यायचं हा प्रश्न पडतो. मग मॉल होतो, बागा होतात, सिंहगड होतो. खगोलशास्त्र, हवामान, रसायन, वनस्पती या विषयांच्या देशपातळीवरच्या संस्था घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच संस्था वर्षातून काही दिवस सगळ्यांसाठी खुल्या असतात, हे मात्र इथे दहा वर्षं राहिलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. बहुतेक कार्यक्रमांना तिकीट नसतं. ओळखपाळख लागत नाही. "आपल्याला त्यातलं काय कळणार" ही भीतीच काय ती आड येते.

तेवढी भीती बाजूला ठेवा. माहिती तर घरबसल्या फोनवर मिळते. ज्याने ती स्वतः मोजली किंवा शोधली, त्या माणसाला समोरासमोर प्रश्न विचारायला मिळणं ही या शहराची खरी श्रीमंती आहे, आणि त्यासाठीच जायचं. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

आधी शोधायचं कुठे

सगळे कार्यक्रम एकत्र दाखवणारी एकच जागा नाही, त्यामुळे थोडी खटपट करावी लागते. आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था), राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (खोडदची रेडिओ दुर्बीण याचीच), आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था), राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे एनसीएल, आघारकर संशोधन संस्था, हवामान खात्याचं शिवाजीनगरचं कार्यालय आणि हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही नावं लिहून ठेवा. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर जनसंपर्क किंवा 'आउटरीच' असं पान असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा घेताना ती पानं बघून टाकली की महिनाभराचं नियोजन होतं. मराठी वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर त्या दिवशीच्या कार्यक्रमांचा छोटा रकाना असतो, त्यात टिळक रस्त्यावरची आणि पेठांमधली व्याख्यानं हमखास सापडतात. ही छोटी व्याख्यानं समाजमाध्यमांवर कुठेच दिसत नाहीत, म्हणून तो रकाना वाचायची सवय लावून घ्या.

जायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा तारीख तपासा. वक्ता परगावचा असला तर वेळ बदलते, आणि नावनोंदणी लागणार असेल तर ती बहुधा दोन-तीन दिवस आधीच बंद होते.

मुलाच्या वयाप्रमाणे निवड

सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला तासाभराच्या व्याख्यानाला नेऊ नका. त्याचाही जीव जातो आणि शेजारच्या श्रोत्यांचाही. या वयासाठी हाताने काही करता येईल अशाच जागा बऱ्या. चिंचवडचं सायन्स पार्क आहे. कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यालगत जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे एका छोट्या शहरातून गाड्या, सिग्नल, रूळ बदलणारे सांधे सगळं चालताना दिसतं. लहान मुलं तिथून निघायचं नाव घेत नाहीत.

चौथी ते सातवीच्या मुलांना प्रात्यक्षिकं आणि खुल्या दिवशीची प्रदर्शनं मानवतात. आठवीपासून पुढे व्याख्यान झेपतं, विषय मुलाने स्वतः निवडलेला असेल तर छानच झेपतं. आईवडिलांनी निवडलेल्या विषयाला मुलाला ओढत नेण्यात काही अर्थ नाही.

भाषेचंही आधी विचारून घ्या. संस्थांमधली व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत असतात. ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मराठी विज्ञान परिषद यांच्याकडे मराठीत ऐकायला मिळतं. मराठी माध्यमातल्या मुलाने सुरुवात इथून करावी. विषय एकदा आपल्या भाषेत डोक्यात बसला की इंग्रजी व्याख्यान पुढे फारसं जड जात नाही.

फाटकापासून खुर्चीपर्यंत

या सगळ्या सरकारी किंवा स्वायत्त संस्था आहेत. फाटकावर सुरक्षारक्षक असतो, नोंदवही असते, ओळखपत्र विचारतात. मोठ्यांनी आधार किंवा वाहन परवाना आणि मुलांनी शाळेचं ओळखपत्र जवळ ठेवावं. "लेक्चरला आलोय" एवढं सांगितलं की पुरतं. गाडी लावायला जागा कुठे हे रक्षकालाच विचारा, कारण पाषाण रस्त्यावरची आवारं मोठी आहेत आणि सभागृह फाटकापासून लांब असू शकतं. वीस मिनिटं हाताशी ठेवून पोहोचा.

लहान मूल सोबत असेल तर कडेच्या खुर्च्या घ्या, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर कुणाला अडचण होत नाही. वही-पेन्सिल द्या. मुलाला आधीच सांगून ठेवा की निम्मं कळलं नाही तरी चालेल, फक्त एक गोष्ट पकड, जिच्याबद्दल तुला आणखी विचारावंसं वाटलं. ती वहीत लिही.

प्रश्न विचारायची पद्धत

व्याख्यान संपलं की प्रश्नोत्तरं होतात. सभागृहात हात वर करायला मूल लाजत असेल तर आग्रह करू नका. वक्ते बहुतेक वेळा नंतर चहापाशी किंवा मंचाजवळ थांबतात, तिथे मुलाला पुढे जाऊ द्या आणि तुम्ही दोन पावलं मागे राहा. प्रश्न मराठीत विचारला तरी चालतो, समोरच्याला मराठी येत नसेल तर आजूबाजूचं कुणीतरी सांगतंच. आईवडिलांनी प्रश्न तयार करून मुलाच्या तोंडी घालण्याची रीत मला अजिबात पटत नाही. वक्त्याला ते लगेच कळतं आणि मूलही अवघडून जातं. मुलाचा प्रश्न कितीही साधा असो, तो त्याचा असू दे.

पुण्यात या बाबतीत एक मोठा वारसा आहे. आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे मुलं सही मागायला गर्दी करायची. ते मुलांना सांगायचे की मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन. आणि तशी उत्तरं ते खरोखर पाठवत. सहीच्या निमित्ताने मुलाला घरी जाऊन विचार करायला लावणारा हा माणूस मे 2025 मध्ये गेला. आजही मुलाला भेटलेल्या शास्त्रज्ञाला पत्र किंवा ईमेल लिहायला सांगा. प्रश्न नेमका असेल तर उत्तर यायची शक्यता चांगली असते.

पहिली भेट आयुकाला

कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं तर मी आयुकाचं नाव घेते. 1988 साली स्थापन झालेली ही संस्था गणेशखिंडीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. इमारती वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या आहेत आणि वास्तूमध्येच खगोलशास्त्र गुंफलेलं आहे. आतल्या एका कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, तिथे मुलं आपोआप बसकण मारतात.

शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान, हा आयुकाचा वर्षानुवर्षांचा उपक्रम आहे. त्याची नोंदणी पुष्कळदा शाळेमार्फत होते, तेव्हा शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंशी किंवा सरांशी बोलून ठेवा. याच आवारात पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी इथे अनेक वर्षं काम केलं. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करायची त्यांची खेळणी प्रसिद्ध आहेत. त्रिकोण दाबला तरी मोडत नाही, चौकोन मात्र लगेच कलंडतो, आणि पुलांच्या सांगाड्यात त्रिकोणच का दिसतात हे मुलाच्या बोटांना कळतं. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांची कृती आणि पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही. भेटीच्या आधीच घरी एखादं करून बघा.

आयुकात फूकोचा लंबक, म्हणजे पृथ्वीचं फिरणं दाखवणारा लांब तारेचा जड लंबक आहे, आणि तो बघायची एक युक्ती आहे. बहुतेक लोक लंबकासमोर मिनिटभर उभे राहतात, तो नुसता झुलताना दिसतो, आणि पुढे जातात. तसं करू नका. व्याख्यानाला जायच्या आधी लंबक नेमका कोणत्या दिशेने झुलतोय ते पक्कं बघून घ्या. जमिनीवरची एखादी खूण किंवा समोरचा खांब धरून ठेवा आणि मुलाला वहीत रेघ काढायला सांगा. मग तासाभराचं व्याख्यान ऐका आणि परत या. झुलण्याची दिशा जवळपास पाच अंशांनी सरकलेली असेल. लंबकाला कुणी ढकललेलं नाही, खालची जमीन फिरली आहे. ध्रुवावर हा लंबक 24 तासांत पूर्ण वळसा घेईल, विषुववृत्तावर मुळीच वळणार नाही, आणि पुण्याच्या अक्षांशावर त्याला पूर्ण वळशासाठी सुमारे 76 तास लागतात. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेलं मूल इथे ते आपल्या वहीतल्या रेघेवर मोजून घरी जातं.

28 फेब्रुवारीची गर्दी

1928 साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांना प्रकाशाच्या विखुरण्याबद्दलच्या रामन परिणामाचा शोध लागला म्हणून 1987 पासून हा राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो. पुण्यातल्या बहुतेक संस्था या दिवशी किंवा त्याच्या आगेमागे खुल्या असतात. नवख्या माणसाला वाटतं, एका दिवसात चार संस्था उरकू. उरकतात, पण हाती काही लागत नाही. सगळा दिवस रांगेत जातो आणि मुलं चिडचिडी होतात. एक दिवस, एकच संस्था, आणि सकाळी उघडताच हजर राहणं, एवढं पाळा. पाणी, टोपी आणि डबा घरून घ्या, कारण कॅन्टीनवर त्या दिवशी ताण असतो.

आयुकाला सर्वांत जास्त गर्दी होते. लहान मुलं असतील तर त्या दिवशी आघारकरसारखी तुलनेने शांत संस्था निवडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. 1946 पासूनची ही संस्था आहे आणि गहू, सोयाबीन यांचे वाण तिने शेतकऱ्यांना दिले आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी किंवा पानाचा छेद बघायला मुलांना खूप आवडतं. पाषाणला 1950 पासूनची एनसीएल आणि तिच्या शेजारची आयसर आहे. रसायनात रस असलेल्या मोठ्या मुलांना तिकडे न्या. प्रत्येक टेबलापाशी उभे असलेले तरुण-तरुणी बहुधा पीएचडी करणारे असतात. फलक वाचत बसण्यापेक्षा त्यांना विचारा, "तुम्ही रोज सकाळी आल्यावर पहिलं काम काय करता?" या एका प्रश्नावर ते भरभरून बोलतात.

शिमला ऑफिस

हवामान खात्याचं पूर्वानुमानाचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर शिमला ऑफिस म्हणतात. रिक्षावाल्याला तेच नाव सांगा. 23 मार्चला जागतिक हवामान दिनी ते लोकांसाठी खुलं असतं. विज्ञान दिनाच्या मानाने इथे निवांत बघता येतं.

आवारात लहान पांढरी लाकडी पेटी दिसेल, झडपांच्या भिंती असलेली, पायांवर उभी. तिच्यात तापमापक असतात. मुलाला विचारा की पेटीला झडपा कशाला, रंग पांढराच का, आणि दार उत्तरेकडेच का. वारा आत खेळावा, ऊन परतावं, आणि वाचन घ्यायला दार उघडलं तरी तापमापकावर थेट ऊन पडू नये, म्हणून. बातम्यांमधलं "आजचं तापमान" याच सावलीतल्या हवेचं असतं, हे कळलं की गच्चीवर उन्हात ठेवलेला तापमापक इतकं जास्त का दाखवतो याचा उलगडा होतो. पावसाची नोंदही देशभर सकाळी साडेआठला घेतात आणि मागच्या 24 तासांचा पाऊस मोजतात. सरळ बाजूंची एक बाटली कापून, पट्टी चिकटवून पावसाळ्यात गच्चीत ठेवा, रोज साडेआठला मिलिमीटर लिहा, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या शिवाजीनगरच्या आकड्याशी ताडून बघा. कात्रजला कोसळून शिवाजीनगर कोरडं राहिल्याचे दिवस भरपूर सापडतील.

रात्रीचं आकाश

टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 साली स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संघटना. इथे नोकरी-धंदा सांभाळून आकाश बघणारी माणसं आहेत आणि नवख्याला हाताला धरून शिकवतात. त्यांचे अभ्यासवर्ग आणि शहराबाहेरचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात.

पहिल्या रात्रीसाठी काही गोष्टी ध्यानात ठेवा. पावसाळा सोडून द्या, नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम. दिवस अमावास्येच्या आसपासचा असावा. चंद्रावरची विवरं बघायची असतील तर मात्र शुद्ध सप्तमी-अष्टमी गाठा, कारण पौर्णिमेला चंद्रावर सावल्याच पडत नाहीत आणि विवरं सपाट दिसतात. माळावर पहाटे कडाक्याची थंडी पडते, स्वेटर, कानटोपी, मोजे आणि सतरंजी न्याच. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि कुणी एकाने मोबाइलचा पांढरा उजेड पाडला की सगळ्यांची मेहनत वाया जाते. दुर्बिणीतून दीर्घिका (गॅलेक्सी) छायाचित्रातल्यासारखी रंगीत दिसणार नाही, धूसर डाग दिसेल, हे मुलांना आधीच सांगा. शनीची कडी मात्र कुणालाच निराश करत नाही.

खोडदची सहल

पुण्याहून नाशिक रस्त्याने उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तमाशाची पंढरी म्हणून आपल्याला माहीत असलेलं हे नारायणगाव. परदेशी दूरसंचारासाठीचं देशाचं पहिलं उपग्रह भूकेंद्र झालं, तेही इथेच, जवळच्या आर्वीला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या जीएमआरटीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. 14 मध्यभागी आणि बाकीच्या 16 इंग्रजी 'वाय'च्या आकाराच्या तीन फाट्यांवर, पार 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात.

तबकडी जवळून बघितली की लक्षात येतं, तिचा पृष्ठभाग भरीव नाही, तारांची जाळी आहे. इथे टिपल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांहून कितीतरी मोठी असल्यामुळे त्या जाळीवरून परततात, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे तबकडी हलकी झाली आणि खर्चही आटोक्यात राहिला. मुलांना ही गोष्ट तिथे उभं राहून, वर बघत सांगण्यात मजा आहे.

जायला आधी परवानगी घ्यावी लागते, भेटीचे दिवस ठरलेले असतात. विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे मोठं प्रदर्शन भरतं आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या शाळांची मुलं आपले प्रकल्प घेऊन येतात. मला त्या प्रदर्शनाचं फार कौतुक वाटतं. शेतीची अवजारं, विहिरीचा पंप, बिबट्यापासून बचाव, असे त्यांचे प्रश्न थेट शिवारातून आलेले असतात, आणि शहरातल्या मुलांनी ते ऐकायलाच हवेत. आवारात मोबाइल बंद ठेवायला सांगतात, ते मनापासून पाळा. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणारे संकेत अतिशय क्षीण असतात आणि खिशातला फोन त्यांच्यावर सहज मात करतो.

कुठेही न जाता: शून्य सावली

13-14 मे च्या सुमारास पुण्यात दुपारी 12 वाजून 31 मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. 12:20 लाच गच्चीत सपाट जागी कोरा कागद पसरा, त्यावर पाण्याचा नळीसारखा सरळ पेला किंवा पाइपचा तुकडा उभा ठेवा आणि दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला टिंब द्या. सावली आखडत आखडत पायाखाली जाते, क्षणभर नाहीशी होते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. कोल्हापूरकरांना हे 6 मे च्या आसपास दिसतं, मुंबईकरांना 15-16 मे ला, नागपूरकरांना 26 मे च्या सुमारास. नागपूरची वेळही वेगळी, 12:10. नातेवाईक त्या गावांत असतील तर फोनवरून वेळा जुळवा. दिल्लीच्या मावशीला मात्र हा दिवस कधीच मिळत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. जुलैच्या अखेरीस सूर्य परत फिरताना पुण्यात पुन्हा शून्य सावली येते, पण तेव्हा ढग असतात. सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढं मुलांना बजावा.

पक्षी बघायचे असतील तर वेताळ टेकडी आहे. पहाटे सहाला, हळू आवाजात आणि मळखाऊ कपड्यांत जा. फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसदारच्या पक्ष्यांची मोजणी होते, तीत पंधरा मिनिटांची नोंदसुद्धा घेतली जाते.

मुंबईत राहणाऱ्यांसाठी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, शेजारचं तारांगण, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय' हा गप्पांचा कार्यक्रम, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आणि वांगणीच्या माळावर खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाच्या रात्री, अशी सुरुवात करता येईल.

मूल नववी-दहावीपर्यंत पोहोचलं आणि गोडी टिकली, तर त्याला श्रोत्यांतून उठवून कामाला लावा. खुल्या दिवसांना आणि आकाशदर्शनाला स्वयंसेवक लागतात: रांग सांभाळायला, दुर्बिणीपाशी लहानांना वर उचलून धरायला, तोच प्रयोग पन्नासदा करून दाखवायला. गणिताची ओढ असेल तर भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये चौकशी करा. ऑलिंपियाड या गणिताच्या स्पर्धेची तयारी तिथे पूर्वीपासून करून घेतात. स्वयंसेवकांसाठीची विचारणा डिसेंबर-जानेवारीतच करायची, फेब्रुवारी उजाडेपर्यंत याद्या लागलेल्या असतात.